ओकच्या कपाटांना कोणता ओटा आणि मागे कोणत्या टाईल्स शोभतील?

नागाळापार्ककर यांचा प्रश्न :

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या नागाळा पार्कातील आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघराचे काम सध्या सुरू आहे. कडाप्प्याचा जुना ओटा फोडून झाला आहे, आणि खालची-वरची कपाटे प्लायवर ओकचे व्हेनियर (लाकडाचा पातळ थर) लावून, मॅट पॉलिश करून तयार आहेत. दिरांच्या परदेशातील घरी ओकची कपाटे पाहिल्यापासून हेच लाकूड हवे, असा माझा हट्ट होता. सागवानापेक्षा ते उजळ दिसते आणि त्याच्या उभ्या रेषा ठळकपणे उठून येतात. आता प्रश्न उरला आहे तो ओट्याचा आणि ओट्यामागच्या भिंतीचा.

सासूबाईंचे म्हणणे असे की ओटा काळ्या ग्रॅनाइटचाच असावा. त्यावर काही सांडले तरी दिसत नाही आणि तो जन्मभर टिकतो. डिझायनर मुलीने मात्र शुभ्र पांढरा क्वार्ट्झ आणि मागे राखाडी नक्षीच्या टाईल्स सुचवल्या आहेत. तिच्या चित्रात ते फार देखणे दिसते, परंतु क्वार्ट्झचा नमुना घरी आणून कपाटाला टेकवला तेव्हा तेच लाकूड एकाएकी पिवळे, जवळजवळ नारिंगी वाटू लागले. असे का व्हावे, हे मला उमगलेले नाही.

स्वयंपाकघर पूर्वेला आहे, सिंकवर मोठी खिडकी आहे आणि ओटा एल आकाराचा आहे. आमच्याकडे बुधवारी आणि रविवारी तांबडा-पांढरा रस्सा ठरलेला असतो, त्यामुळे तेल, हळद आणि कांदा-लसूण मसाला यांच्या तावडीतून कोणतीही भिंत सुटणार नाही, हे गृहीत धरूनच सल्ला द्यावा, ही विनंती.

पाषाणप्रेमी यांचे उत्तर :

ताई, आमच्या घरात ग्रॅनाइटचा व्यवसाय असल्यामुळे दगडाविषयी थोडे अधिकाराने लिहितो.

लाकूड नारिंगी दिसले याचे कारण लाकडात नाही, शेजारात आहे. ओकच्या अंगात मुळातच पिवळसर-तांबूस झाक असते. तिच्या शेजारी निळसर झाक असलेला शुभ्र पांढरा किंवा थंड राखाडी रंग आला, की डोळा दोघांतील फरक वाढवून पाहतो आणि लाकूड आहे त्याहून पिवळे भासते. त्यामुळे पांढरा घ्यायचाच असेल तर दुधावरच्या सायीसारखा, किंचित उबदार पांढरा घ्यावा. राखाडी हवा असेल तर निळ्याकडे न झुकता मातकट रंगाकडे झुकणारा निवडावा.

क्वार्ट्झबद्दल एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाहीत. हा अखंड खाणीतला दगड नसून, क्वार्ट्झचा चुरा साधारण नव्वद टक्के आणि उरलेला भाग रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ), अशी कारखान्यात दाबून तयार केलेली लादी असते. त्यातील क्वार्ट्झला उष्णतेने काही होत नाही, रेझिनला होते. दीडशे अंशांच्या पुढे ते करपू लागते, आणि फोडणीची कढई शेगडीवरून उतरवताना त्याहून बरीच तापलेली असते. ज्या घरात घाईच्या वेळी भांडे सरळ ओट्यावर टेकवले जाते, तिथे क्वार्ट्झवर तपकिरी वर्तुळ उमटायला वेळ लागत नाही आणि ते घासून जात नाही. शिवाय आपली खिडकी पूर्वेला आहे. रोजचे ऊन पडत राहिले तर पांढरे रेझिन हळूहळू पिवळटते. डागांच्या बाबतीत मात्र क्वार्ट्झ खरोखरच चांगला आहे, कारण त्याला छिद्रे जवळजवळ नसतात.

क्वार्ट्झच घेण्याचे ठरले, तर तो पाण्याची धार धरून ओलाच कापायला लावा. त्याच्या कोरड्या धुळीतील सिलिका फुप्फुसात जाऊन कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि याच कारणासाठी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर बंदी घातली आहे. वापरणाऱ्याला त्याचा धोका नाही. धोका आहे तो आपल्या अंगणात कटर चालवणाऱ्या मुलाला.

आता ग्रॅनाइट. कोल्हापूरच्या भोवती सगळा काळा बेसॉल्ट असल्यामुळे ग्रॅनाइट आपल्याकडे बाहेरूनच येतो. आंध्रातील चीमकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी, तेलंगणातील करीमनगरचा टॅन ब्राऊन, कर्नाटकातील इलकलचा गुलाबी-तांबडा हे सगळ्यांच्या ओळखीचे. यांतील टॅन ब्राऊन आणि इलकल मी ओकशेजारी मुळीच घेऊ देणार नाही, कारण त्यांतील तांबडेपणा लाकडातील तांबूसपणाशी भांडतो आणि दोन्ही मळकट दिसू लागतात. आपल्यासाठी माझी पसंती स्टील ग्रेला आहे, आणि तोही चकचकीत पॉलिशऐवजी लेदर फिनिशमध्ये, म्हणजे चामड्यासारख्या मंद पोतात. गडद राखाडी असूनही त्याचा पोत मऊ दिसतो, बोटांचे ठसे उमटत नाहीत आणि ओकच्या रेषांना तो मागे ढकलत नाही. सासूबाईंनाही तो काळ्याच्या पुरेसा जवळचा वाटेल.

दगड पाहायला जाताना कपाटाचे एक सुटे शटर (दार) गाडीत घालून न्यावे. नमुन्याच्या हातभर तुकड्यावरून आठ फुटी स्लॅबचा अंदाज येत नाही. लादी उभी करून तिला शटर टेकवावे आणि दहा पावले मागे जाऊन पाहावे. काळा दगड घेत असाल तर नेलपॉलिश काढण्याच्या द्रवाने ओली केलेली पांढरी चिंधी लादीच्या कोपऱ्यावर घासा. चिंधी काळी झाली तर तो दगड रंगवलेला आहे. फिकट ग्रॅनाइट असेल तर पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटे थांबा. तिथे गडद डाग उमटला, तर तो दगड तेलही तसेच पिणार.

रंधा_आणि_पटाशी यांचे उत्तर :

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, पण सगळी चर्चा दगडाचीच झाली. लाकडाच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे.

ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, आणि टॅनिन, पाणी व लोखंड एकत्र आले की निळसर-काळा डाग पडतो. आपल्याकडे बिडाचा तवा किंवा लोखंडी कढई धुऊन सिंकच्या कडेला टेकवून ठेवण्याची पद्धत आहे. तिथून ठिबकणारे पाणी ओट्याच्या कडेवरून ओघळत शटरच्या वरच्या कडेत शिरते, आणि पॉलिश जिथे पातळ राहिलेले असते तिथे काही महिन्यांत शाईसारखी रेघ दिसू लागते. ती ऑक्झॅलिक ॲसिडने निघते, पण व्हेनियरचा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने पॉलिशपेपर मारण्याची संधी दोन-तीनदाच मिळते. लोखंडी काथ्याने हे शटर कधीही घासू नये, कारण त्याचे बारीक कण रेषांत अडकतात आणि पावसाळ्यात प्रत्येक कणाभोवती काळा ठिपका उमटतो.

म्हणून ओट्याचा रंग कोणताही घ्या, पण कडेची मापे नीट ठरवा. दगड शटरच्या तोंडापेक्षा किमान एक इंच पुढे आला पाहिजे, आणि त्या पुढे आलेल्या भागाच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडे आत, ओट्याच्या लांबीइतकी एक बारीक खाच मारून घ्यावी. ओघळणारे पाणी त्या खाचेपाशी तुटते आणि जमिनीवर पडते, लाकडापर्यंत पोहोचत नाही. कटिंगवाल्यांना ही खाच माहीत असते, पण सांगितल्याशिवाय कोणी मारत नाही. सिंकखालच्या दोन शटरांच्या चारही कडांना, विशेषतः खालच्या कडेला, पॉलिशचा जादा हात द्यायला सुताराला सांगा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पाणी त्या खालच्या कडेतूनच चढते.

रंगाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. पॉलिश तेलाच्या जातीचे असेल तर ओक वर्षभरात आणखी मधाळ होतो. पाण्याच्या जातीचे असेल तर फारसा बदलत नाही. तेव्हा आधी पॉलिश कोणते मारले आहे ते विचारा आणि मग दगड ठरवा. पुढे गडद होणारे लाकूड असेल, तर आज शोभणारा मातकट पांढरा दोन वर्षांनी फिका पडेल आणि स्टील ग्रे अधिक खुलेल.

रविवारचा_रस्सा यांचे उत्तर :

दोघांनीही छान लिहिले आहे, पण ओट्यामागच्या भिंतीला कोणी हात लावला नाही, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचे खरे आयुष्य त्या भिंतीसमोर जाते.

आधी सासूबाईंच्या काळ्या ग्रॅनाइटबद्दल. त्यावर काही दिसत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. रश्श्याचा थेंब दिसत नाही, पण बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर, पिठाचे बोट आणि ओल्या फडक्याचा माग चकचकीत काळ्यावर जितका दिसतो तितका कशावरच दिसत नाही. आमच्या घरी काळा ओटा आहे आणि तो दिवसातून अनेकदा कोरडा पुसावा लागतो. त्यामुळे लेदर फिनिशच्या स्टील ग्रेला माझेही मत.

भिंतीसाठी नक्षीदार टाईल्स घेऊ नयेत, असे मी स्पष्टच सांगते. ओकच्या रेषा हीच या स्वयंपाकघराची नक्षी आहे; तिच्या वर दुसरी नक्षी चढवली की नजर कुठेच ठरत नाही. किंचित पिवळसर पांढऱ्या रंगाची, साधी, चमकदार टाईल घ्या. तीन बाय सहा इंचांची छोटी आडवी टाईल ओकसोबत फार गोड दिसते, पण तिच्यात सांधे पुष्कळ येतात, आणि सांधे म्हणजे हळदीचे घर. एक बाय दोन फुटांची मोठी टाईल उभी लावली तर ओटा आणि वरचे कपाट यांच्यामधील दोन फुटांच्या पट्ट्यात आडवा सांधा टाळताच येतो. रंगाची हौस असेलच, तर राखाडी-हिरवट, वाळलेल्या तुळशीच्या पानासारखा रंग ओकला शोभतो, कारण रंगचक्रात लाकडातील तांबूसपणाच्या तो समोरचा आहे. मात्र तो पूर्ण भिंतीला न लावता शेगडीमागच्या भागापुरता ठेवावा.

सांध्यांत पांढरे सिमेंट मुळीच भरू देऊ नका. एपॉक्सी ग्राउट (सांधे भरण्याचा रेझिनचा मसाला) महाग पडते आणि मिस्त्री कुरकुर करतात, कारण ते लवकर घट्ट होते आणि टाईलवर राहिलेला पातळ थर लगेच पुसला नाही तर निघता निघत नाही. तरीही निदान शेगडीमागच्या भागात त्याला पर्याय नाही. रंग मात्र पांढरा न घेता हलका बदामी घ्या. सिमेंटच्या सांध्यात हळद मुरली की साबण लावल्यावर तो डाग लाल होतो आणि नवी गृहिणी घाबरते; साबणातील क्षारामुळे हळद रंग बदलते, एवढेच. उन्हात तो डाग आपोआप फिका पडतो, पण शेगडीमागे ऊन कुठून आणणार?

काही जण मागे एकसंध रंगीत काच लावतात. पुसायला तिच्याइतके सोपे काही नाही. परंतु शेगडीमागे ती टफन्ड (भट्टीत तापवून कणखर केलेली) असावी लागते, आणि एकदा टफन्ड झालेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही. मिक्सरचा पॉइंट दोन इंच चुकला तर संपूर्ण काच नवी घ्यावी लागते.

आणि संगमरवराचा विचार कोणी डोक्यात घातला असेल तर तो काढून टाका. लिंबू, चिंच, कोकम, दही यांतले काहीही सांडले की त्याची चमक तिथल्या तिथे मरते. तुमचा जुना कडाप्पाही चुनखडीच्याच जातीचा, म्हणून लिंबू कापण्याच्या जागी तो पांढरट पडला असणार.

नागाळापार्ककर :

सर्वांचे मनापासून आभार. कडाप्प्याबद्दल अगदी बरोबर ओळखलेत. खिडकीजवळचा भाग खरोखरच पांढरट झाला होता आणि आम्ही इतकी वर्षे त्याचा दोष साबणाला देत होतो.

सुताराला विचारले, पॉलिश पाण्याच्या जातीचे आहे. काल एक शटर घेऊन हायवेकडच्या दोन-तीन दुकानांत जाऊन आलो. लेदर फिनिशचा स्टील ग्रे सासूबाईंनी हात फिरवून पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, की यावर पुरणाचे पातेले टेकवले तर चालेल ना. चालेल, असे दुकानदाराने सांगितल्यावर विषय मिटला. टाईल्स मात्र अजून ठरत नाहीत. दुकानात सायीसारखा दिसलेला नमुना रात्री घरी स्वयंपाकघरात हिरवट दिसला. नमुना बदलला की काय, अशी शंका येते.

पाषाणप्रेमी :

नमुना तोच आहे, दिवा वेगळा आहे. घरातील एलईडीच्या खोक्यावर ६५०० के (केल्व्हिन, प्रकाशाच्या रंगाचे माप) असे लिहिलेले असेल. तो निळसर पांढरा प्रकाश असतो आणि त्यात साय हिरवट, तर ओक निस्तेज दिसतो. वरच्या कपाटाखाली ४००० केची पट्टी लावून त्याच प्रकाशात टाईल पुन्हा पाहा. ३००० के घेतल्यास लाकूड फार सुंदर दिसेल, पण भाजी निवडताना पिवळे पान आणि हिरवे पान यांतला फरक कळेनासा होतो, म्हणून स्वयंपाकघरात मी त्याचा आग्रह धरत नाही.

रविवारचा_रस्सा :

टाईल ठरण्याआधी विजेचे पॉइंट ठरवून घ्या, ताई. मिक्सर, फिल्टर, चिमणी आणि त्या ४००० केच्या पट्टीची वायर, हे सगळे भिंतीत गेल्यावरच मिस्त्रीला बोलवा. आणि शक्य असेल तर मिक्सरचा पॉइंट शेगडीच्या मागे न घेता एलच्या आखूड बाजूला घ्या. वाटण करताना वायर जाळावरून ओढावी लागत नाही.