चर्चमध्ये जायचं तर हातचं राखून जाऊ नये

पायवाट (धागाकर्ता)

रविवारी उपासनेला जायचं, मागच्या बाकावर बसायचं आणि आशीर्वादाचे शब्द संपायच्या आत चपला शोधायच्या. ही रीत मला पटत नाही. त्याहून न पटणारी रीत म्हणजे इथलं गायन चांगलं म्हणून चार महिने इथं, तिथला पाळक (चर्चचा धर्मगुरू) छान बोलतो म्हणून पुढचे चार तिथं. एक मंडळी, म्हणजे एका चर्चचा समुदाय, निवडावी आणि तिच्यात पूर्ण उतरावं. वेळ, पैसा, अंगमेहनत, आपली दुखणीखुपणी, सगळ्यासकट.

बायबलमध्ये प्रेषित पौल मंडळीला शरीर म्हणतो आणि माणसांना तिचे अवयव (१ करिंथ १२). डोळा हाताला 'मला तुझी गरज नाही' असं म्हणू शकत नाही. आणि अवयव काही आठवड्यातून एकदा भेटायला येत नसतो! इब्री १०:२५ मध्ये एकत्र येणं सोडू नका असं बजावलंय, म्हणजे सोडणारे तेव्हाही होतेच. ६व्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत संन्यासी जी वचनं देतो, त्यांतलं एक आहे त्याच मठात टिकून राहण्याचं. न आवडणारी माणसं बदलून मिळणार नाहीत हे कळलं, की मगच माणूस त्यांना क्षमा करायच्या नादाला लागतो. तोवर क्षमेवरची प्रवचनं ऐकायला गोडच लागतात.

उंबरठा

'पूर्ण उतरावं' हे शब्द वाचूनच मला गुदमरायला झालं. मी उतरले होते. सुरुवातीला इतकं प्रेम, की सख्ख्या नात्यात मिळालं नव्हतं. मग बुधवारची प्रार्थना, शुक्रवारचा उपवास, शनिवारची सभा. आजारी आईकडे राहायला गेले तर 'पहिल्याने त्याचे राज्य मिळवा' हे वचन ऐकवलं. नोकरी बदलायची तरी आधी पाळकांना विचारायचं. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, कुणी दिला नाही, याची कुजबूज प्रार्थनेच्या विनंत्यांमधून व्हायची. बाहेर पडले तेव्हा ज्यांच्या लेकरांना मी सांभाळलं, त्यांनी रस्त्यात मान वळवली.

टोकाचं उदाहरण हवं असेल तर जोन्सटाउन घ्या, जिम जोन्सच्या पंथाची गयानातली वसाहत. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी त्याच्या हुकमावरून तिथं नऊशेहून जास्त माणसं मेली, बहुतेक विषाने. हा पंथ एका रीतसर ख्रिस्ती संप्रदायाशी संलग्न होता. ती माणसं मागच्या बाकावरची नव्हती हो.

पायवाट

जोन्सटाउनपाशी गेलं की कुठल्याही मंडळीबद्दल बोलणंच खुंटतं. तुमच्यावर जे गुजरलं ते वाईटच, त्याची वकिली मी करत नाही. पण पूर्ण उतरणं म्हणजे डोळे मिटणं, हे कुठून आलं? बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात रोज पडताळून पाहिलं आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच झालंय (प्रेषितांची कृत्ये १७:११). यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा कुणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने ती आणणाऱ्याबरोबर आणखी माणसं दिली (२ करिंथ ८). हिशेब मागायचा हक्क घरच्यांचा असतो, पाहुण्याचा नाही.

उंबरठा

मी मागितला होता. 'तुझ्यात कुरकुरीचा आत्मा आहे' म्हणाले आणि माझ्यासाठी प्रार्थना ठेवली. सगळ्यांसमोर.

जुनं बाक

दोघेही हनन्या-सप्पीरेला विसरलात, जमीन विकून थोडा पैसा लपवणाऱ्या त्या बायबलमधल्या नवरा-बायकोला. सगळं सामाईक ठेवणारी ती पहिली मंडळी (प्रे. कृत्ये २ आणि ४), पण येशूचा शिष्य पेत्र हनन्याला काय विचारतो? विकण्याआधी जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता ना? त्याचा गुन्हा थोडं मागे ठेवण्याचा नव्हता, सगळं दिल्याचं सोंग आणण्याचा होता. म्हणजे ज्या मंडळीचे दाखले झोकून देण्यासाठी दिले जातात, तिथंही हातचं राखायची मोकळीक होती. हे प्रवचनात कुणी सांगत नाही, दानाच्या रविवारी तर नाहीच.

आणि पायवाट, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना कुठे बसवाल? १८९५ मध्ये बाप्तिस्मा, पुढे मिशनचं काम, आणि १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे होऊन 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समाज. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, पण ज्या ख्रिस्ती संन्यासिनींनी आसरा दिला त्यांच्याशीच त्या चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून भांडल्या. निष्ठा ख्रिस्तावर, संस्थेचा शब्द तपासून. यांना हातचं राखणारे म्हणायची माझी तरी छाती नाही.

पायवाट

टिळकांनी एक समाज सोडला तो दुसरा उभा करायला. रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं आणि शेवटपर्यंत तिथल्या बायका-मुलींत राहिल्या. दोघंही एकटे घरी बसून 'माझा देव माझ्या मनात' म्हणत राहिले नाहीत. हा दाखला माझ्याच बाजूचा आहे.

जुनं बाक

अर्धा तुमच्या बाजूचा. सोडून जायची वाट त्यांना मोकळी होती, तो अर्धा उंबरठाताईंचा.

उंबरठा

धन्यवाद. मी अजून प्रार्थना करते आणि आता पुन्हा एका छोट्या मंडळीत जाते. सभासद झालेली नाही. पहिल्याच भेटीत पाळकबाईंना विचारलं, तुमच्याकडून गेलेल्या लोकांशी आता संबंध कसे आहेत? त्या म्हणाल्या, दोघींशी भांडण आहे, एकीशी अजून बोलते, बाकीच्यांचा पत्ता नाही. पायवाट, तुमच्या मंडळीत हा प्रश्न कुणी विचारलाय का?