छातीवर बसणारं ‘ते’

एकाने लिहिलंय, पहाटे छातीवर कुणीतरी बसतं, हाक मारावी तर आवाज फुटत नाही, अमावास्येला बेळगावात कुणाकडे दाखवू? बघा, याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, म्हणजे जाग येऊनही अंग हलत नाही. स्वप्नाच्या झोपेत मेंदू हातपाय ढिले सोडतो. जाग आधी आली नि स्नायू मागे राहिले की हे होतं. बहुधा काही सेकंद, फार तर दोन-चार मिनिटं. उताणं झोपणं, जागरण, रात्रपाळी याने वाढतं.

त्यावेळी धडपडू नका, भीती वाढते. पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा, श्वास हळू सोडा. नामस्मरण जरूर करा, श्वास आपोआप लांबतो. सुटल्यावर पाच मिनिटं उठून बसा. लगेच उताणं पडलात तर पुन्हा येतं.

मीठ-मोहरीने दृष्ट काढा, बिघडत नाही. पण मिरचीची धुरी नाकाशी नको, दमेकऱ्याचा जीव घुसमटतो. भूत काढायला मारहाण करणं तर कर्नाटकात २०१७ च्या कायद्याने गुन्हाच आहे. आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल किंवा दिवसाही अनावर झोप येत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा.