मदत हवी आहे: डिप्रेशनची गोळी सुरू केल्यावर बाराव्या दिवशी अंगभर पुरळ, गोळी बंद करायची का?

साळुंकी
बहिणीसाठी विचारते आहे. वय ३८. ३ जूनपासून एस्सिटॅलोप्रॅम १० मिग्रॅ (डिप्रेशनचं) + क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ (बेचैनी आणि झोपेचं) अशी एकत्र गोळी, रात्री एक. मध्येच दाढ सुजली म्हणून ९ ते १३ जून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ६२५ (पेनिसिलिन गटातलं अँटिबायोटिक), सकाळ-संध्याकाळ. सोबत आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉल, दुखेल तेव्हा. १४ला सकाळी छातीवर आणि पोटावर तांबडे बारीक ठिपके दिसले, आज १६ला पाठ आणि दंडही भरलेत. खाज आहे, ताप नाही. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ १९ची आहे. घरात सगळ्यांचं एकच, "गोळी गरम पडली, बंद कर." आज रात्रीची गोळी द्यायची की नाही? मेडिकलवाल्याने एक मलम आणि खाजेची गोळी दिली आहे, ती चालेल का?

खलबत्ता
गोळीचं नंतर बघू, आधी पुढच्या गोष्टी उजेडात नीट तपासा. तोंडात, ओठांवर, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड, जखम, जळजळ? कातडी नुसती खाजते की हात लावला तरी दुखते? कुठे पाण्याचे फोड, चोळल्यावर साल सुटतेय? चेहरा किंवा पापण्या सुजल्यात, गळ्यात किंवा काखेत गाठी आल्यात, ताप आहे? श्वासाला त्रास, आवाज घोगरा? यातलं एक जरी "हो" असेल तर १९ची वाट बघायची नाही. संशयातलं एकही औषध पुढे द्यायचं नाही, सगळी पाकिटं पिशवीत घालून थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (औषधाने तोंड-डोळ्यांत फोड येऊन कातडी सुटण्याचा गंभीर प्रकार) डिप्रेशनच्या या जातीच्या औषधांनी क्वचितच होतो, पण झाला तर एका दिवसात चित्र पालटतं.

दुसरं, काचेचा साधा पेला घ्या आणि ठिपक्यांवर दाबून धरा. काचेखाली लाली विरली तर ते नेहमीचं पुरळ. तशीच लाल-जांभळी राहिली तर कातडीखाली रक्त उतरलंय. एस्सिटॅलोप्रॅमच्या जातीची औषधं रक्तातल्या प्लेटलेटमधलं सेरोटोनिन कमी करतात, त्यामुळे प्लेटलेट एकमेकांना नीट चिकटत नाहीत. वर आयबुप्रोफेन घेतलं की हा परिणाम वाढतो. तसं दिसलं तर आयबुप्रोफेन बंद, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून प्लेटलेटची तपासणी.

मोरचूद
तारखा दिल्यात हे फार बरं केलंत. आता हिशोब मांडू. औषधाचं गोवरासारखं पुरळ नवीन औषध सुरू केल्यापासून साधारण ४ ते १४ दिवसांत उठतं. १४ जून हा एस्सिटॅलोप्रॅमचा बारावा दिवस आणि अमॉक्सिसिलिनचा सहावा. म्हणजे नुसत्या तारखेवरून दोघेही आरोपी. पण अमॉक्सिसिलिन या कामात कितीतरी जास्त बदनाम आहे, आणि कोर्स संपल्यावरही एक-दोन दिवसांनी त्याचं पुरळ निघू शकतं. माझा पहिला संशय त्याच्यावर.

एक बाब तुमच्या बाजूची आहे: अमॉक्सिसिलिन १३लाच थांबलंय. धोक्याची खूण नसेल आणि डॉक्टर फोनवर "गोळी चालू ठेवा" म्हणाले, तर एस्सिटॅलोप्रॅम चालू असतानाच पुरळ आठवडा-दीड आठवड्यात उतरेल, आणि उत्तर आपोआप मिळेल. दोन्ही एकदम तोडलीत तर पुरळ जाईल, पण कोणामुळे आलं होतं ते कळणार नाही. मग उगाचच एक चांगलं लागू पडू शकणारं औषध कायमचं बाद होतं.

बंद करायचंच ठरलं तर लक्षात ठेवा, तुमच्या गोळीत दोन औषधं आहेत. पाकीट बंद म्हणजे क्लोनाझेपामही बंद. बारा दिवसांत मोठा धोका नसतो, पण झोप उडते, बेचैनी उसळते, आणि घरचे म्हणतात, "बघा, आजार वाढला." महिनोन्महिने चाललेलं क्लोनाझेपाम असं तोडलं तर झटके येऊ शकतात. म्हणून फोनवर विचाराल तेव्हा "गोळी थांबवू का" असं विचारू नका. "एस्सिटॅलोप्रॅम थांबवायचं असेल तर क्लोनाझेपाम वेगळं लिहून देणार का" असं विचारा. एकत्र गोळ्यांबद्दल माझी तक्रार हीच आहे, अडचण आली की एक धागा सुटा करता येत नाही.

साळुंकी
आत्ताच बघितलं. तोंड, डोळे स्वच्छ, सूज नाही, ताप ९८.४. काचेखाली लाली जाते. मलमावर क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सॅसिन, ऑर्निडॅझॉल आणि टर्बिनाफिन लिहिलंय. गोळी हायड्रॉक्सिझिन २५. आई आमसुलाचं पाणी लावू म्हणते आहे.

खलबत्ता
मलम बाजूला ठेवा. क्लोबेटासॉल हे सर्वांत कडक स्टेरॉइडांपैकी एक, आणि बाकीची तीन औषधं या पुरळाला काहीच करत नाहीत. उलट पावसाळ्याच्या तोंडावर मांडीत किंवा कमरेला एखादा गजकर्णाचा चट्टा असेल तर स्टेरॉइडने तो वरवर दबतो आणि आतून पसरतो. मग कडा पुसट झालेला तो नायटा डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही.

हायड्रॉक्सिझिनही नको. ते आणि एस्सिटॅलोप्रॅम दोन्ही हृदयाच्या ईसीजीतला क्यूटी हा भाग लांबवू शकतात (तो फार लांबला तर ठोक्यांची लय बिघडू शकते), जोडीने देणं टाळायचं असतं. शिवाय क्लोनाझेपामवर आणखी गुंगी. खाजेसाठी फेक्सोफेनाडिन १८० मिग्रॅ दिवसातून एकदा, साध्या पाण्याबरोबर. फळांच्या रसाबरोबर घेतलं तर ते कमी शोषलं जातं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा गर्भ असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. सेटिरिझिनही चालतं, पण त्याने झोप जास्त येते. वरून कॅलामाइन, कोमट पाण्याची आंघोळ, सैल सुती कपडे.

आमसुलाचं पाणी आपल्याकडे पित्तावर लावतात. पित्ताच्या गांध्या उठतात त्या उंच, फिकट मध्याच्या असतात आणि एकेक गांधी २४ तासांच्या आत जागा बदलते. बहिणीचे ठिपके तिथल्या तिथे आहेत, म्हणजे हे पित्त नव्हे. कातडी खरवडलेली असेल तर आमसूल झोंबेल. आईंना एवढंच सांगा.

एका ठिपक्याभोवती बॉलपेनने गोल काढा आणि उद्या त्याच वेळी, त्याच उजेडात फोटो घ्या. १९ला पुरळ कदाचित ओसरलेलं असेल, तेव्हा डॉक्टरांना फोटोच दिसणार.

रातकिडा
धाग्यात घुसतो, माफ करा. डिप्रेशनसाठीच लॅमोट्रिजिन दिलं आहे, २५ची गोळी. इतक्या हळू का वाढवायचं?

मोरचूद
विषय जवळचाच आहे. ते मूळचं फिटचं औषध, बायपोलरमधल्या नैराश्यात वापरतात, आणि पुरळाच्या बाबतीत या सगळ्यांत जास्त जपायचं ते हेच. नेहमीचा क्रम: पहिले दोन आठवडे २५ मिग्रॅ रोज, पुढचे दोन ५०, पाचव्यात १००, सहाव्यात २००. सोबत व्हॅल्प्रोएट (फिट आणि बायपोलरचंच दुसरं औषध) असेल तर तेच लॅमोट्रिजिन शरीरात जवळपास दुप्पट साचतं, म्हणून सुरुवात २५ची एक गोळी दिवसाआड. घाईने वाढवलं की गंभीर पुरळाची शक्यता वाढते. ते बहुतेक वेळा दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात दिसतं. लोक जिथे फसतात ते सांगतो. सलग पाच-सहा दिवस गोळ्या चुकल्या, मग थेट आधीच्या १०० किंवा २००वर परत आले. तसं करायचं नाही, डॉक्टरांना कळवून पुन्हा २५पासून. आणि लॅमोट्रिजिनवर पुरळ आलं तर वर मी सांगितलेला "चालू ठेवून बघू" हा हिशोब लागू नाही. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर.

साळुंकी
डॉक्टरांशी फोन झाला. आजची गोळी द्या, मलम नको, फेक्सोफेनाडिन चालेल, ताप किंवा तोंडात फोड आले तर लगेच या म्हणाले. एस्सिटॅलोप्रॅमचंच निघालं तर पुढे काय?

खलबत्ता
तर बदलून देतील. फक्त सिटॅलोप्रॅम पर्याय म्हणून नको. एस्सिटॅलोप्रॅम हा त्याचाच अर्धा भाग आहे, त्यामुळे फरक पडणार नाही. एस्सिटॅलोप्रॅम बंद केल्यावर आठवडाभरात शरीरातून जातं. फ्लुओक्सेटिन (याच जातीचं डिप्रेशनचं औषध) घेणारं कोणी वाचत असेल तर त्याचा हिशोब वेगळा, त्याचा अंश पाच आठवड्यांपर्यंत रेंगाळतो, पुरळही रेंगाळू शकतं.

आणि नोंद करा. भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाची टोल-फ्री लाइन १८०० १८० ३०२४. औषध नक्की कोणतं ते ठाऊक असायची गरज नाही, संशय पुरतो. पाकिटावरचा बॅच नंबर आणि सुरू-बंदच्या तारखा हाताशी ठेवा. दातांच्या डॉक्टरांनाही कळवा. अमॉक्सिसिलिन ठरलं तर बहिणीच्या पर्समध्ये चिठ्ठी राहू द्या: औषधाचं मूळ नाव, तारीख, "सहाव्या दिवशी गोवरासारखं पुरळ, फोड नाहीत, सूज नाही." नुसतं "पेनिसिलिनची ॲलर्जी" लिहू नका, त्याने पुढचा डॉक्टर अख्खा गट टाळतो.

साळुंकी
लिहून ठेवलं. पेनने गोलही काढला आहे.