पाझर तलावाची हद्द कुठल्या कागदावर सापडंल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, उत्तर सोलापूर तालुक्यातल्या आमच्या गावचा ७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर झालेला पाझर तलाव आहे. पाणी हटलं की काठावरचे शेतकरी ज्वारी पेरत पेरत पार सांडव्यापर्यंत येतात, आता तर बुडीतात, म्हणजे पाण्याखाली जाणाऱ्या जागेतच मुरूम टाकून बांध घातलेत आणि जनावरं पाण्यावर न्यायची वाटच बंद झालीय. आम्हाला ग्रामपंचायत विकास आराखड्यात तलावाचा काठ धरायचाय, म्हणजे वाट, गुरांचं पाणी, गाळपेर (पाणी हटल्यावर गाळात होणारी पेर) आणि झाडांची जागा सगळ्यांनी मिळून ठरवायची. ग्रामसभेचा ठराव झालाय, भांडण कुणालाच नकोय. पण सातबारावर अजून जुन्या मालकांचीच नावं, सरकारनं जमीन संपादन केल्याचा फेरफारच (मालकी बदलल्याची नोंद) दिसत नाही. गावनकाशा बघितला, त्यात तलावच नाही. तलाठ्याला विचारून झालं. तलावाची सिंचन क्षमता १०० हेक्टरच्या आत, म्हणून तो जिल्हा परिषदेकडं येतो. वकील लावायला पैसे नाहीत.

तर एवढंच सांगा, भूसंपादनाचा निवाडा (कुणाची किती जमीन घेतली आणि मोबदला किती, याचा आदेश) आणि त्या वेळच्या संयुक्त मोजणीचा नकाशा इतका जुना असंल तर नक्की कुठल्या ऑफिसातून निघतो, आणि हद्द कायम करायच्या मोजणीचा अर्ज ग्रामपंचायतीला स्वतः करता येतो का जिल्हा परिषदेनंच करावा लागतो? कुणाच्या गावात असं झालंय का?