सोसायटीचा ग्रुप: पी-१ पार्किंगमधल्या गाड्यांवरचे पांढरे डाग

ए-७०३ (स. ७:४०)
शुभ सकाळ. पी-१, स्लॉट ४४. काळ्या गाडीच्या बॉनेटवर पांढरे ठिपके आणि छतावर एक लांब ओघळ. शांपूने दोनदा धुतलं. ओलं असताना काहीच दिसत नाही, वाळलं की परत हजर. काय लावायचं?

सी-२०१ (स. ७:४४)
दादा, व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून पेस्ट लावा. रील पाठवते.

बी-११०२ (स. ७:५१)
वहिनी, दोन्ही एकत्र नको. फसफसताना बघायला छान दिसतं, पण त्या फेसातच आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात. डागासाठी काही उरत नाही. वर न विरघळलेला सोडा राहतो, तो काळ्या रंगावर घासला की बारीक चरे दिसायला लागतात. व्हिनेगर एकटाच वापरायचा.

सी-२०१ (स. ७:५२)
बरं झालं सांगितलंत 🙏 रील डिलीट केली.

डी-४०४ (स. ८:०५)
ए-७०३, आधी डाग ओळखा. तुमच्या फोटोत दोन वेगळी प्रकरणं आहेत.

बॉनेटवरचे गोल ठिपके बोअरच्या पाण्याचे आहेत. थेंब वाळताना क्षार कडेला जमतात, म्हणून मधे फिकट आणि कडेला दाट पांढरं वर्तुळ दिसतं. छतावरचा ओघळ स्लॅबमधून टपकलेल्या पाण्याचा आहे. तो वेगळा आणि जास्त वाईट.

ओलं असताना डाग दिसत नाही यावरून फार काही कळत नाही. क्षार वर बसलेले असोत किंवा क्लिअर कोटला (रंगावरच्या पारदर्शक थराला) खड्डा पडलेला असो, पाणी दोन्ही झाकतं. कळतं ते हाताला. गाडी धुऊन कोरडी करा, बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि डागावरून हलकेच फिरवा. खरखर लागली तर क्षार वर आहेत, आम्लाने निघतील. गुळगुळीत लागलं, पण मोबाइलचा टॉर्च तिरका धरल्यावर कडा दिसली, तर रंग खाल्ला गेलाय. त्यावर व्हिनेगरची अख्खी बाटली ओतली तरी फरक पडणार नाही.

ए-७०३ (स. ८:२२)
ठिपके खरखरीत आहेत. ओघळ तर चक्क जाड थर आहे, नखाने पापुद्रा निघेल असं वाटतंय.

डी-४०४ (स. ८:२३)
नख लावू नका!! तो दगड आहे. सुटताना खालचा क्लिअर कोट घेऊन येईल.

बी-११०२ (स. ८:४०)
ठिपक्यांसाठी प्रमाण देतो.

किराणा दुकानातला साधा पांढरा सिंथेटिक व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचा असतो. तो आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर समसमान. बॉनेटवर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे, म्हणजे सकाळी किंवा रात्री, सावलीतच. उन्हात आलेल्या काळ्या गाडीचा पत्रा ६० अंशांच्या वर जातो, तिथे व्हिनेगर अर्ध्या मिनिटात वाळेल आणि स्वतःचाच डाग सोडेल.

मायक्रोफायबरचा तुकडा भिजवून डागावर ठेवायचा. घासायचं नाही. दीड-दोन मिनिटं, तेवढ्यात वाळायला लागला तर पुन्हा ओला. मग एकाच दिशेने हलकं पुसून भरपूर पाण्याने धुवा, त्यावर गाडीचा शांपू, पुन्हा पाणी. लगेच कोरडं करा.

पहिल्या वेळी निम्मे ठिपके गेले तर दुसऱ्यांदा करा. दोनदा करून काहीच हललं नाही तर तिसऱ्यांदा करू नका. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर सिलिकाही असते आणि ती व्हिनेगरला दाद देत नाही.

व्हिनेगर नसेल तर लिंबूसत, १० ग्रॅम अर्ध्या लिटर डिस्टिल्ड पाण्यात. लिंबाची फोड मात्र चोळू नका, रसात साखर आणि गर असतो, चिकटून बसतो.

ए-३०४ (स. ८:४४)
टॉयलेट क्लीनरने एका झटक्यात जाईल की. बाथरूमच्या टाइल्सवरचे असेच जातात.

बी-११०२ (स. ८:५०)
काका, टाइल सिरॅमिकची असते. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. डाग जाईल, पण ओघळ जिथे जिथे जाईल तिथलं क्रोम, ॲल्युमिनियमची रूफ रेल आणि दाराच्या फटीतला उघडा पत्रा हेही खाईल. टूथपेस्ट, भांड्याचा साबण आणि हिरवा काथ्या यांचीही नावं कोणी सुचवण्याआधीच नको म्हणतो 😄

ए-७०३ (स. ९:०२)
आणि ओघळ?

बी-११०२ (स. ९:२०)
त्याची जात समजून घ्या. पोडियमच्या (पार्किंगवरच्या गच्चीच्या) बागेचं पाणी स्लॅबमध्ये मुरतं आणि काँक्रीटमधला मोकळा चुना विरघळवत खाली येतं. टपकताना त्याचा पीएच १२ च्या वर असू शकतो, म्हणजे कपडे धुण्याच्या सोड्यापेक्षाही तिखट. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला की त्याची चुनखडी होते. स्लॅबच्या जॉइंटखाली (दोन भागांमधल्या फटीखाली) जे पांढरे सुळके लोंबताहेत तोच पदार्थ तुमच्या छतावर आहे. म्हणून नुकसानही दुहेरी, वर दगड बसतो आणि खाली अल्कलीने रंग भाजतो. ताजा थेंब दिसला तर काही शोधत बसू नका, बादलीभर साधं पाणी ओता, तेवढ्याने निम्मं काम होतं.

वाळलेल्या थराला पातळ केलेला व्हिनेगर पुरत नाही. हिशोब बघा: ४ टक्क्यांचा १०० मिली व्हिनेगर जेमतेम ३.३ ग्रॅम चुनखडी विरघळवतो. भिजलेल्या टिश्यूत मावतो ५ मिली, म्हणजे एका खेपेला फार तर ०.१७ ग्रॅम. म्हणून एकच टिश्यू तासभर ठेवण्यात अर्थ नाही, त्यातलं आम्ल पहिल्या काही मिनिटांतच संपतं. टिश्यू बदलत राहायचा.

न मिसळलेला व्हिनेगर, किचन टिश्यूच्या दोन घड्या, वरून क्लिंग फिल्म. पाच मिनिटांनी उचला. टिश्यूखाली बारीक बुडबुडे दिसले की काम चालू आहे. पाण्याने धुवा, नवा टिश्यू. अशा चार खेपा, मग शांपू. बुडबुडे थांबले आणि बोटाला थर लागेनासा झाला की थांबा. आजूबाजूच्या रबर बीडिंगला आणि रूफ रेलला आधी मास्किंग टेप लावून घ्या.

बी-६०१ (स. ९:३१)
माझ्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग आहे. तरी ठिपके कसे पडले?

डी-४०४ (स. ९:४५)
ताई, कोटिंगवर पाणी पसरत नाही, गोल थेंब होऊन उभं राहतं. धुऊन तसंच सोडलं तर सगळा क्षार त्या थेंबाखाली एका जागी वाळतो. कोटिंगमुळे रंग वाचतो, पुसायचं काम वाचत नाही. विकणारा हे सांगत नाही, पण तसंच आहे. व्हिनेगरची वरची पद्धत चालेल, एक मिनिटावर नको. पॉलिश मात्र करू नका, त्याने कोटिंगच निघतं. मॅट रंगाच्या गाडीला तर कधीच पॉलिश नाही, तिथे चमकदार चट्टा पडतो आणि तो परत मॅट होत नाही.

ए-७०३ (स. ११:५०)
ठिपके दोन वेळात गेले. ओघळाच्या चार खेपा झाल्या, थर निघाला. खाली गुळगुळीत आहे, पण टॉर्चमध्ये ओघळाच्या आकाराची कडा दिसतेय. कोपऱ्यावरच्या गॅरेजला रबिंग-पॉलिश करून घेऊ का?

डी-४०४ (दु. १२:१५)
ती कडा म्हणजे खाल्लेला रंग. आता पॉलिशच, पण जपून.

क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षा पातळ. जाड कंपाउंड एका खेपेत त्यातले दोन-चार मायक्रॉन नेतं, फिनिशिंग पॉलिश एखादा. म्हणजे आयुष्यभरात मोजक्याच वेळा करायची गोष्ट. 'रबिंग' म्हणून जे करतात त्यात बहुधा रोटरी मशीन आणि लोकरीचं पॅड असतं. काळ्या गाडीवर त्याचे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे राहतात. गॅरेजमध्ये दोनच गोष्टी विचारा: मशीन डीए (ड्युअल ॲक्शन, गोल फिरता फिरता डोलणारं) आहे का, आणि पेंटची जाडी मोजायचा मीटर आहे का? दोन्हीला 'त्याची गरज नाही' असं उत्तर आलं तर गाडी घेऊन परत या.

घरी करणार असाल तर डीए पॉलिशर, मऊ फोम पॅड, फिनिशिंग पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. दीड फूट बाय दीड फूट एवढाच भाग घ्या. मशीन बंद असतानाच पॉलिश पसरा, मग स्पीड ४, आधी आडवे मग उभे हात, एकूण चार ते सहा वेळा, हात सावकाश. पॅड पत्र्यावर सपाट टेकलेलं हवं, कडेवर उभं राहिलं की उष्णता एका जागी साचते. छताच्या कडेला आणि पत्र्याच्या घडीवर मास्किंग टेप, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो.

पुसून टॉर्चने बघा. कडा फिकी झाली असेल तर एकदा अजून. मग मध्यम पॅड आणि मध्यम पॉलिशने एकच खेप. तरीही पुसट रेघ उरली तर राहू द्या. पुरी घालवायच्या नादात क्लिअर कोट फुटला तर अख्खं छत रंगवावं लागेल.

पॉलिशनंतर वॅक्स किंवा सीलंट हवंच. व्हिनेगरने जुनं वॅक्स धुऊन गेलंय, आता रंग उघडा आहे. ठिपके गेले त्या बॉनेटवरही लावा.

सी-५०२ (दु. १२:३०)
समोरच्या काचेवर पण हेच करायचं का?

डी-४०४ (दु. १२:३६)
व्हिनेगर चालेल. उरलेल्या डागांना काचेसाठीचं सेरियम ऑक्साइडचं पॉलिश मिळतं, रंगाचं पॉलिश काचेला काही करत नाही. वायपरची रबरंही व्हिनेगरच्या फडक्याने पुसा, नाहीतर तेच क्षार पुन्हा काचेवर फिरतात.

बी-११०२ (दु. १:१०)
सकाळी पार्किंगच्या नळाखाली टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर धरला. ७४०. स्वयंपाकघरात धरणाच्या पाण्याचा नळ ९० दाखवतो. गाडी पुसणारी मुलं एका बादलीत वीस गाड्या पुसतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, नळच तो आहे.

काही जण आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला देतात, ते बंद करा. मशीन गाळून काढलेले क्षार त्याच पाण्यात सोडतं, म्हणजे मूळ पाण्यापेक्षा ते जास्त खारं. फरशीला, संडासाला वापरा.

उलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी फुकटचं सोनं आहे. ती हवेतली वाफ, क्षार जवळजवळ नाहीत. फडक्यातून गाळून बादलीत साठवा आणि शेवटचा हात त्याचा द्या. दोन लिटर पुरतात.

ए-३०४ (दु. १:१५)
मग टेरेसवर सॉफ्टनर बसवला तर प्रश्नच मिटेल?

बी-११०२ (दु. १:२२)
अर्धा. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, टीडीएस तितकाच राहतो. डाग पडतील, पण सोडियमचे क्षार साध्या पाण्याने निघतात, दगड होत नाहीत. गिझरसाठी घ्यायचा तर जरूर घ्या.

सेक्रेटरी, डी-१०१ (दु. २:०५)
वाचलं सगळं. स्लॉट ४२ ते ४६ वरच्या एक्स्पान्शन जॉइंटखाली उद्या पत्र्याची पन्हळ लावतोय, पाइप ड्रेनला. वर बागेतलं ठिबक त्या पट्ट्यात आजपासून बंद. ग्राउटिंगवाल्याला (भेगांत मसाला भरून गळती बुजवणाऱ्याला) बोलावलंय, पण जॉइंट वरून वॉटरप्रूफ केल्याशिवाय खालून इंजेक्शन देणार नाही म्हणतो.

बी-११०२ (दु. २:०९)
बरोबर म्हणतो तो. खालून बुजवलं की पाणी शेजारच्या स्लॉटवर फुटतं.

सेक्रेटरी, डी-१०१ (दु. २:१२)
मग आधी वरचं. ए-७०३, गाडी तोवर व्हिजिटर ७ मध्ये लावा. ४३ आणि ४५ वाल्यांनी आज खाली येऊन आपापलं छत बघून घ्या.

ए-७०३ (दु. २:१५)
हो काका. ४५ च्या गाडीवर ताडपत्री टाकलीय, तिच्या खाली पाणी साचलंय बहुतेक.

डी-४०४ (दु. २:१६)
४५ वाले, ती आत्ता काढा. चुन्याचं पाणी ताडपत्रीखाली वाळतही नाही, दिवसभर रंगावरच बसून राहतं. काढून आधी नुसतं पाणी ओता, मग फोटो टाका.