मदत हवी आहे: घरी करायची स्टूल टेस्ट की कोलोनोस्कोपी?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी ४६, नवरा ४९. यंदाच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग उरकून घ्यायला सांगितलं. अमेरिकेत हे पूर्वी पन्नाशीला सुरू व्हायचं, २०२१ पासून पंचेचाळिशीला सुरू करा असा सरकारी तज्ज्ञगटाचा सल्ला आहे.

त्यांनी तीन पर्याय सांगितले. पहिला फिट: काडीने शौचाचा जरासा नमुना घेऊन पोस्टाने पाठवायचा, त्यात न दिसणारं रक्त आहे का बघतात, दर वर्षी. दुसरा कोलोगार्ड: घरी मोठा डबा येतो, त्यात रक्ताबरोबर डीएनएही तपासतात, दर तीन वर्षांनी. तिसरा कोलोनोस्कोपी: भूल देऊन कॅमेऱ्याची नळी घालून आतडं आतून बघतात, सगळं ठीक निघालं तर पुढची दहा वर्षांनी. "कुठली ते तुम्ही ठरवा, पण करा," एवढं म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

नवऱ्याला डबा हवाय. भूल नको, आदल्या रात्रीचे जुलाब नकोत, रजा नको. ९२ टक्के कॅन्सर पकडणारी चाचणी घरबसल्या मिळत असताना नळी कशाला घालून घ्यायची, असं त्याचं म्हणणं. मला उरलेल्या आठ टक्क्यांची काळजी वाटते. आणि फिटचा आकडा तर ७४ च दिसतो, मग डॉक्टर तो पर्याय देतात तरी का?

दोघांनाही त्रास काही नाही. रक्त जात नाही, वजन उतरलेलं नाही, हिमोग्लोबिन नीट आहे. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर नाही. कोल्हापूरच्या माझ्या मोठ्या नणंदबाईंचा दोन वर्षांपूर्वी एक पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची छोटी गाठ) काढला होता, तेव्हा त्या ५२ च्या होत्या. पण तो साधा निघाला, कॅन्सर नव्हता.

ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आम्ही दोघांनी एकच चाचणी करावी की वेगवेगळी चालेल? आणि आम्ही शाकाहारी आहोत, तर कोलोनोस्कोपीच्या आधीचं खाणंपिणं कसं जमवता?

प्रतिसाद १ (टेक्सास)

ताई, आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण घरी सगळ्यांचं अडतं तिथेच.

९२ आणि ७४ हे दोन्ही आकडे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एकाच अभ्यासातले आहेत. जवळपास दहा हजार लोकांच्या दोन्ही स्टूल टेस्ट झाल्या, शिवाय सगळ्यांची कोलोनोस्कोपीही झाली. कॅन्सर निघाला ६५ जणांना. डीएनए चाचणीने त्यातले ६० पकडले, फिटने ४८. मात्र ज्यांच्या आतड्यात काळजी करण्यासारखं काही नव्हतं, अशा शंभरातल्या तेराएक जणांना डब्याने विनाकारण घाबरवलं, फिटने पाचएक जणांना. पॉझिटिव्ह आलं की कोलोनोस्कोपी चुकत नाही, हे नवऱ्याला आधीच सांगून ठेवा. डबा निवडला म्हणजे नळी टळली असं नव्हे.

त्याच अभ्यासातला तिसरा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॅन्सर होण्याआधीचे जे मोठे, धोक्याचे पॉलिप असतात, त्यातले डब्याने ४२ टक्के धरले आणि फिटने २४. अर्ध्याहून जास्त दोघांच्याही हातून निसटले. २०२४ मध्ये डब्याच्या नव्या आवृत्तीला मंजुरी मिळाली. तिच्यात खोटे इशारे कमी झाले, पण पॉलिपांचा आकडा ४३ च्या आसपासच राहिला. थोडक्यात, स्टूल टेस्ट मुख्यतः झालेला कॅन्सर लवकर शोधते. कॅन्सर होऊच नये म्हणून पॉलिप काढून टाकणं, हे कोलोनोस्कोपीच करू शकते.

तरीही मी स्वतः फिट निवडली आहे. ७४ हा एका वेळचा आकडा आहे. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, त्यामुळे या वर्षी निसटलेलं पुढच्या वर्षी सापडायला वाव असतो. स्पेनमध्ये ५७ हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना एकदा कोलोनोस्कोपीला बोलावलं, अर्ध्यांना दर दोन वर्षांनी फिट दिली. दहा वर्षांनंतर या कॅन्सरने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं. एक कारण अगदी साधं आहे: फिटला जास्त लोक तयार झाले. पण एक वर्ष केली, दोन वर्षं विसरली असं होणार असेल तर फिट घेऊच नका.

प्रतिसाद २ (पुणे, पोटविकारतज्ज्ञ)

वरचा प्रतिसाद चांगला आहे, आकडेही बरोबर आहेत. पण ताई, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला थांबवतंय: "तो साधा निघाला, कॅन्सर नव्हता."

हे तीनही पर्याय ज्यांचा धोका सर्वसाधारण आहे त्यांच्यासाठी आहेत. सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला साठीच्या आत आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर तो माणूस या यादीतून बाहेर पडतो. एवढं बहुतेकांना माहीत असतं. साठीच्या आत धोक्याचा पॉलिप निघाला असेल तरीही हाच नियम लागतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. अशा माणसाने चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा थेट कोलोनोस्कोपी करायची आणि पुढे दर पाच वर्षांनी. तिथे स्टूल टेस्ट हा बरोबरीचा पर्याय नाही.

आता "साधा" म्हणजे काय? आमच्याकडे पेशंटला "कॅन्सर नाही" एवढंच ऐकायचं असतं आणि आम्हीही पुष्कळदा तेवढंच सांगून फाईल बंद करतो. रिपोर्टात मात्र पुढचं सगळं असतं. अडिनोमा, म्हणजे ज्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो असा पॉलिप, आहे का? असेल तर आकार १० मिमी किंवा त्याहून मोठा आहे का? "व्हिलस" किंवा "ट्युब्युलोव्हिलस" असा शब्द आहे का? "हाय ग्रेड डिसप्लेशिया" (पेशींमध्ये जास्त बिघाड) लिहिलंय का? या तीनपैकी एक जरी असेल तरी तो धोक्याचा पॉलिप. छोटा हायपरप्लास्टिक, म्हणजे सहसा निरुपद्रवी, पॉलिप असेल तर तुमच्या यजमानांना तिन्ही पर्याय खुले आहेत.

तेव्हा आधी नणंदबाईंचा बायोप्सीचा रिपोर्ट मागवा, सोबत कोलोनोस्कोपीचाही, कारण आकार बऱ्याचदा त्यात लिहिलेला असतो. तोवर डबा मागवू नका. तुमच्या स्वतःच्या निर्णयाशी याचा संबंध नाही, नणंदेशी तुमचं रक्ताचं नातं नाही.

प्रतिसाद ३ (सिंगापूर)

वरच्या डॉक्टरांना दुजोरा. आणखी एक मुद्दा इथे यायला हवा. रक्त जात असेल, शौचाची सवय बदलली असेल, लोह कमी होत असेल, तर ते स्क्रीनिंग राहत नाही. तिथे स्टूल टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून घरी बसायचं नाही. आपल्याकडे रक्त दिसलं की "मूळव्याध असेल" म्हणून वर्षभर मलम लावत बसतात. माझ्या मावशीच्या बाबतीत तेच झालं. निदान झालं तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. हा धागा वाचणाऱ्यांपैकी कुणी असं रक्त अंगावर काढत असेल, तर कृपा करून या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद ४ (कॅलिफोर्निया)

कोलोनोस्कोपी म्हणजे शंभर टक्के खात्री असंही समजू नका. पोट नीट साफ झालं नसेल तर दिसत नाही, आणि करणाऱ्याचा हातही महत्त्वाचा. इथे तुम्ही डॉक्टरांना त्यांचा अडिनोमा डिटेक्शन रेट विचारू शकता, म्हणजे त्यांच्या शंभर पेशंटांमागे किती जणांत अडिनोमा सापडतो. आता अपेक्षा ३५ किंवा त्याहून वर अशी आहे, पुरुषांसाठी ४० आणि बायकांसाठी ३०. मी विचारला होता, नर्सने लगेच सांगितला, कुणाला राग आला नाही.

धोक्याचंही लिहिते, कारण घाबरवणारे फार भेटतात. आतड्याला छिद्र पडण्याचं प्रमाण दहा हजारांत तीनच्या आसपास आणि मोठ्या रक्तस्रावाचं पंधराच्या आसपास. शून्य नाही, पण पॉलिप काढून मिळणारा फायदा बघता मला ते मान्य होतं. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची औषधं किंवा वजन कमी करण्याची इंजेक्शनं चालू असतील तर आठवडाभर आधी सांगायला हवं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या डॉक्टरसाहेबांचे विशेष.

नणंदबाईंना फोन केला. त्यांनी कपाटातून फाईल काढून फोटो पाठवले. रिपोर्टात लिहिलंय: ट्युब्युलोव्हिलस अडिनोमा, १४ मिमी, लो ग्रेड डिसप्लेशिया. "गाठ निघाली, आता काळजी नाही" एवढंच त्यांना सांगितलेलं आठवतं. इतके दिवस आम्हीही तेवढंच धरून चाललो होतो.

नवऱ्याला रिपोर्ट आणि वरचे प्रतिसाद दोन्ही वाचायला दिले. त्याने शांतपणे वाचलं आणि कोलोनोस्कोपीची तारीख घेतली. आता खर्चाचं विचारते: तपासणीत पॉलिप निघाला तर बिल येतं असं एका मैत्रिणीने घाबरवलंय.

प्रतिसाद २ (पुणे, पोटविकारतज्ज्ञ)

१४ मिमी आणि ट्युब्युलोव्हिलस, म्हणजे दोन निकषांवर धोक्याचा. तारीख घेतलीत ते उत्तम. नणंदबाईंची स्वतःचीही पुढची कोलोनोस्कोपी पहिलीनंतर साधारण तीन वर्षांनी, म्हणजे येत्या वर्षभरात व्हायला हवी. त्यांना कुणी सांगितलंय का ते विचारा. आणि यजमानांना आणखी भावंडं आहेत का?

प्रतिसाद ५ (न्यू जर्सी)

खर्चाचं सांगतो. पंचेचाळिशीनंतरची स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी बहुतेक खासगी विमा प्लॅनमध्ये पूर्ण कव्हर होते आणि त्यात पॉलिप काढला तरी तुमच्या खिशातून काही जायला नको. स्टूल टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर करायच्या कोलोनोस्कोपीला पूर्वी बिल यायचं, पण ३१ मे २०२२ नंतर सुरू झालेल्या प्लॅन वर्षांपासून तीही स्क्रीनिंगचाच भाग धरतात. सगळी गडबड होते ती बिलावरच्या कोडमध्ये. फोन करून दोन गोष्टी विचारा: हे बिल स्क्रीनिंग म्हणून पाठवणार का, आणि भूलतज्ज्ञ व पॅथॉलॉजी लॅब दोघेही तुमच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये आहेत का. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. परत येताना गाडी तुम्हालाच चालवावी लागेल, भूल दिल्यावर त्या दिवशी चालवू देत नाहीत.

प्रतिसाद ६ (शिकागो)

खाण्याचं मी लिहिते. तुमच्या दवाखान्याचा कागद मिळेल तोच प्रमाण, पण तो इथल्या जेवणाचा विचार करून लिहिलेला असतो.

तीन-चार दिवस आधीपासून बिया, सालं, चोथा बंद. म्हणजे भाकरी, मोडाच्या उसळी, पालेभाज्या, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, तीळ, खसखस, दाण्याचा कूट, ओलं खोबरं, सगळं बाजूला. मऊ भात, दही, पांढरा ब्रेड, सोललेला उकडलेला बटाटा चालतो. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ. गाळलेलं लिंबू सरबत, नारळपाणी, बिनदुधाचा चहा, सफरचंदाचा गाळलेला रस. वरणाचं वरचं पाणी चालेल का ते विचारून घ्या, मला गाळून चालेल म्हणाले होते.

लाल-जांभळं काहीही नको, आतड्यात ते रक्तासारखं दिसतं. त्यामुळे कोकम सरबत अजिबात नाही, बीटही नाही. कागदावर जेलो लिहिलेलं असतं, पण त्यात जिलेटिन असतं, ते प्राणिजन्य. शाकाहारी असाल तर ते सोडून द्या, काही अडत नाही.

पोट साफ करायचं औषध अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं पहाटे, असं दोनदा घेतलं की पोट जास्त स्वच्छ होतं. पहाटेचा डोस टाळू नका, कितीही नकोसं झालं तरी. फ्रिजमध्ये थंड करून स्ट्रॉने प्यायलं की उतरतं. आणि व्हॅसलीन आणून ठेवा, रात्री फार उपयोगी पडतं.

धागाकर्ती

खूप खूप आभार. कोकम सरबत मी नक्की दिलं असतं.

डॉक्टरसाहेब, हो, एक धाकटा दीर आहे, ठाण्याला, ४३ वर्षांचा. त्यालाही रिपोर्टाचे फोटो पाठवलेत आणि या धाग्याचा दुवाही. त्याची कंपनीची तपासणी पुढच्याच महिन्यात आहे, पण त्यात हे येत नाही, त्यामुळे वेगळी वेळ घे म्हणून नवरा आज रात्री त्याच्याशी बोलणार आहे. नणंदबाईंना पुढच्या तपासणीबद्दल कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याही डॉक्टरांना फोन करणार आहेत.

माझ्यासाठी मी फिट ठरवली आहे, दर वर्षी वाढदिवसाच्या महिन्यात. फक्त एक शंका राहिली: पाळीच्या दिवसांत नमुना घेऊ नये हे किटवर लिहिलंय, पण पाळी संपल्यावर किती दिवस थांबायचं?

प्रतिसाद २ (पुणे, पोटविकारतज्ज्ञ)

रक्तस्राव पूर्ण थांबल्यावर तीन दिवस जाऊ द्या. मूळव्याधीतून रक्त येत असेल तरी तेवढंच थांबा. फिट माणसाच्याच रक्तातलं प्रथिन ओळखते, त्यामुळे जेवणाचं पथ्य नाही. आणि पॉझिटिव्ह आली तर पुन्हा फिट करून बघू असं करायचं नाही, एक-दोन महिन्यांत कोलोनोस्कोपी. दिरांचं काय ठरतंय ते इथे कळवा.