होमरने ग्रंज संगीत शोधले तेव्हा बार्ट कुठे होता? ‘दॅट नाइंटीज शो’च्या निमित्ताने

सव्यसाची

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेच्या एकोणिसाव्या पर्वात, २७ जानेवारी २००८ रोजी, ‘दॅट नाइंटीज शो’ हा भाग दाखवला गेला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. मालिकेतले जोडपे होमर आणि मार्ज लग्नाआधी एकत्र राहत असतात. होमर पडेल ते काम करून मार्जची विद्यापीठाची फी भरतो, ती मात्र तिथल्या एका पुरोगामीपणाचा आव आणणाऱ्या प्राध्यापकाच्या नादी लागते, आणि प्रेमभंग झालेला होमर ‘सॅडगॅझम’ नावाचा बँड काढून चक्क ग्रंज हा रॉक संगीताचा प्रकारच जन्माला घालतो.

या भागात नव्वदच्या दशकाचे संदर्भ इतके ठासून भरले आहेत की ते एकमेकांच्या पायांत पाय घालून पडतात. होमर गात असताना मार्विन कोबेन नावाचा एक जण आपल्या चुलतभावाला, म्हणजे ग्रंजचा खरा तारा कर्ट कोबेन याला, फोन लावून हा नवा आवाज ऐकवतो. ‘बॅक टू द फ्यूचर’ या १९८५ च्या चित्रपटात मार्विन बेरी रॉक अँड रोलचा गायक चक बेरी याला असाच फोन लावतो, त्यामुळे विनोद कळतो आणि हसूही येते. परंतु कोबेनच्या ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम १९९१ मध्ये येऊन जगभर गाजला होता, तेव्हा हा फोन त्याच्या बराच आधीचा असला पाहिजे. पुढे होमर ‘मार्जरीन’ हे गाणे म्हणतो, ते बुश या बँडच्या ‘ग्लिसरीन’चे विडंबन आहे आणि ‘ग्लिसरीन’ १९९५ मध्ये गाजले, म्हणजे एप्रिल १९९४ मध्ये कोबेन गेल्यानंतर. होमरला मधुमेह होतो तो फ्रॅपुचिनो पिऊन, आणि स्टारबक्सने ते पेय बाजारात आणले तेही १९९५ मध्येच.

या चुका मी पदरात घ्यायला तयार आहे. जी चूक मला गिळवत नाही ती वेगळीच आहे. ही मालिका १७ डिसेंबर १९८९ पासून सुरू आहे. नव्वदचे दशक हे तिचे स्वतःचे दशक होते, त्या दहाही वर्षांत होमर आणि मार्ज आपल्या डोळ्यांसमोर तीन मुलांना सांभाळत होते, आणि हा भाग मात्र त्याच वर्षांत त्यांना बिनलग्नाचे, बिनमुलांचे दाखवतो. दुसऱ्यांच्या गाण्यांचे इतके संदर्भ लक्षात ठेवणाऱ्या लेखकांना आपल्याच मालिकेचा विसर पडावा, याला काय म्हणावे?

रेवा

तुमचा संताप समजतो, पण साधी वजाबाकी तुमच्या विरोधात जाते. त्यांचा मुलगा बार्ट कायम दहा वर्षांचा आहे. २००८ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा १९९८ च्या सुमारास जन्मलेला असणार, आणि त्याच्या आईवडिलांची तरुणाई नव्वदच्या दशकातच पडणार. होमर आणि मार्जची पहिली भेट दाखवणारा ‘द वे वी वॉज’ हा भाग जानेवारी १९९१ मध्ये आला होता आणि त्यात ते दोघे १९७४ साली शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. तोच इतिहास शिलालेखासारखा जपायचा, तर २००८ मध्ये होमर पन्नाशी ओलांडलेला असायला हवा. पात्रांचे वय गोठवले की त्यांचा भूतकाळ सरकत राहणार, आणि आपला चिंटू १९९१ पासून मोठा झाला नाही म्हणून कोणी ‘सकाळ’कडे खुलासा मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शिवाय हे सरकणे तिथेच थांबले नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ‘द स्टार ऑफ द बॅकस्टेज’ या भागात मार्ज शाळकरी वयात वायटूके संकटावरचे, म्हणजे २००० साल उजाडताना संगणक कोलमडतील या भीतीवरचे, एक संगीत नाटक बसवताना दिसते. म्हणजे २००८ च्या ज्या इतिहासावर तुम्ही चिडला आहात, तोही आता रद्दबातल झाला आहे.

नाममात्र

या चर्चेचे उत्तर मालिकेनेच देऊन ठेवले आहे. फेब्रुवारी १९९७ च्या ‘पूची’च्या भागात होमर एका कार्टूनमधल्या पूची या कुत्र्याला आवाज देतो. तिथे एक चाहता त्याच्या सहकलाकार बाईंना विचारतो की, कार्टूनमधला उंदीर मांजराचा सांगाडा झायलोफोनसारखा वाजवतो, तेव्हा एकाच बरगडीवर लागोपाठ दोनदा मारूनही दोन वेगळे स्वर कसे निघतात, आणि या घोडचुकीबद्दल कोणाची नोकरी गेली असेल अशी आशाही व्यक्त करतो. होमर मध्येच पडून त्या चाहत्यालाच विचारतो की, ज्याच्या सदऱ्यावर ‘जीनियस ॲट वर्क’ असे छापले आहे, तो माणूस मुलांचे कार्टून बघण्यात सगळा वेळ का घालवतो? दोन वर्षांनंतरच्या हॅलोविन भागात ‘झीना’ या साहसमालिकेत झीनाची भूमिका करणारी लूसी लॉलेस चाहत्यांना सांगते की, असे काही खटकले की ते एका जादूगाराने केले असे समजावे. सव्यसाची, आपल्या सदऱ्यावर काय छापले आहे?

सव्यसाची

माझा सदरा कोरा आहे.

रेवा, वजाबाकी मलाही येते. वय सरकते यावर माझा आक्षेप नाही, संदर्भ कशासाठी वापरला जातो यावर आहे. डिसेंबर १९९२ चा ‘लिसाज फर्स्ट वर्ड’ आठवून पाहा. त्यात १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या निमित्ताने विदूषक क्रस्टीची ‘क्रस्टी बर्गर’ ही खाद्यकंपनी एक योजना काढते, ज्यात अमेरिकेने पदक मिळवले की गिऱ्हाइकाला फुकट खायला मिळणार असते. क्रस्टी लबाडी करून कार्डांवर फक्त तेच खेळ छापतो ज्यांत साम्यवादी देश हटकून जिंकतात, आणि नेमका सोव्हिएत संघ बहिष्कार घालतो. क्रस्टीला जबर फटका बसतो आणि होमर कुटुंबासह बर्गरवर ताव मारतो. मॅकडॉनल्ड्सने त्या वर्षी खरोखरच अशी योजना काढली होती आणि बहिष्कारामुळे ती त्यांना महागात पडली होती. इथे १९८४ हे साल काढून घेतले तर विनोदाचा पायाच निघून जातो. ‘द वे वी वॉज’मध्ये होमर गाडी चालवताना ‘द जोकर’ गातो, आणि ते गाणे जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. २००८ च्या भागात मात्र संदर्भ नुसते टांगून ठेवलेले आहेत. तुम्ही ओळखलेत, हसलात, पुढे चला, एवढेच त्यांचे काम. अपवाद एकच, गाण्यांच्या विडंबनांसाठी प्रसिद्ध असलेला वीयर्ड अल यँकोविक स्वतः येऊन होमरच्या गाण्याचे विडंबन करतो तो. विडंबनाचे विडंबन तिथे खरोखर रंगले आहे.

अवलिया

आपण सगळेच कॅलेंडर घेऊन बसला आहात. २००८ मध्ये नव्वदचे दशक जसे आठवत होते तसेच ते या भागात दिसते, आणि आठवणीत १९९१ आणि १९९५ शेजारी शेजारीच राहतात. ‘ग्लिसरीन’ आधी की कोबेनचा मृत्यू आधी, हे प्रेक्षकाने वहीत लिहून ठेवावे अशी अपेक्षा हास्यमालिकेकडून कोणी करू नये.

मला खटकली ती मार्ज. १९९१ च्या भागात ती शाळेच्या समारंभाला आर्टी झिफ या हुशार पण अंगचटीला येणाऱ्या मुलासोबत जाते, त्याला स्वतःच झिडकारते, आणि मग रस्त्याने एकट्या चालणाऱ्या होमरला गाडीत घेते. तो निर्णय तिचा असतो, कोणी समजावून सांगितलेला नसतो. २००८ ची मार्ज मात्र आपल्या फीसाठी राबणाऱ्या माणसाला सोडून प्राध्यापकाच्या भारदस्त बोलण्याला भुलते, आणि लग्न या गोष्टीबद्दलची त्याची तुच्छता कळल्यावरच तिचे डोळे उघडतात. साल चुकले तर ‘जादूगाराने केले’ म्हणता येते. मार्जचा स्वभाव चुकला तर जादूगार काय करणार?

रेवा

अवलिया, आपला मुद्दा मान्य, पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने प्राध्यापकाला भुलणे यात स्वभाव चुकला असे मला वाटत नाही.

आणि सव्यसाची, ज्या जुन्या भागांना तुम्ही डोक्यावर घेता त्यांतही हेच घडलेले आहे. सप्टेंबर १९९३ च्या ‘होमर्स बार्बरशॉप क्वार्टेट’मध्ये कळते की होमर १९८५ मध्ये ‘बी शार्प्स’ या चौकडीतून जगप्रसिद्ध झाला होता, त्याला ग्रॅमीही मिळाले होते, आणि घरातल्या मुलांना याचा पत्ता नव्हता. बीटल्सची सगळी कहाणी त्यात बेमालूम कोंबली आहे, अगदी छतावरच्या मैफलीसकट. तो भाग आपल्याला चालतो, कारण तो आपण लहानपणी पाहिला. सॅडगॅझम चालत नाही, कारण तेव्हा आपण नोकरीला लागलो होतो.

सव्यसाची

बी शार्प्स चालते, कारण त्या भागाने विसंगती झाकली नाही. बार्ट विचारतो की हे कधी घडले, होमर म्हणतो की आठच वर्षे तर झाली, आणि बार्ट उत्तर देतो की टीव्हीच्या कृपेने त्याला आठ मिनिटांपूर्वीचेही आठवत नाही. शेवटी बीटल्सचा खराखुरा जॉर्ज हॅरिसन मोटारीतून छताकडे पाहत ‘हे आधी होऊन गेले आहे’ असे म्हणून निघून जातो, तेव्हा उचलेगिरीची कबुलीही देऊन होते. २००८ च्या भागात असे एखादे वाक्य असते, तर मी हा धागा काढला नसता. वयाचे म्हणाल तर १९९३ मध्ये मी शाळेत होतो हे खरे आहे, पण तो भाग मी प्रथम पाहिला तो नोकरीला लागल्यावरच.